तुम्ही विचारलंत म्हणून: गिअरची सायकल का घेत नाही

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी भेटणारे विचारतात, ऑफिसात विचारतात, मेव्हणा तर दर दिवाळीला विचारतो. परवडत नाही अशातला भाग नाही, मग एक चांगली गिअरची सायकल घ्या की, एप्रिलच्या उन्हात, त्या फुफाट्यात, चार चार दिवस ती जुनी, बिनगिअरची, रॉड ब्रेकची 24 ची सायकल घेऊन कशाला मरायला जाता? आत्तापर्यंत मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. कुणाला म्हटलं आवड आहे, कुणाला व्यायाम, कुणाला नुसतं "बघा एकदा येऊन" म्हणून सोडून दिलं. ती सगळी अर्धी उत्तरं होती. गेल्या वर्षी हा प्रश्न एका पोरीनं विचारला आणि तिला अर्धं उत्तर देऊन चालणार नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी एक गैरसमज काढतो. ही वडिलांची आठवण वगैरे काही नाही. आमच्या वडिलांनी जन्मभर केएमटीच्या बसनं प्रवास केला, सायकल आमच्या घरात नव्हतीच. ही सायकल मी भंगारवाल्याकडून किलोवर घेतली, काट्यावर 21 किलो भरली, मडगार्ड गंजून गेलेलं, चेन कव्हर नव्हतंच, पण पुढच्या चाकाचा चिमटा सरळ होता आणि रिम फिरवून बघितली तर डगमगत नव्हती. ओव्हरहॉलिंग मी स्वतः केलं. छर्रे बदलले, ग्रीस भरलं, आऱ्या ओढून घेतल्या. पहिल्यांदा पंचगंगेच्या पुलावरून पलीकडं गेलो तेव्हा माझं वय 43 होतं आणि त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो, त्यात जुन्या काळाचा काही संबंध नाही.

दुसरं, ती सायकल अशा रस्त्याला चालत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो. आता कच्च्या रस्त्यासाठी ग्रॅव्हल म्हणून जी नवी सायकल विकतात तिचा टायर साधारण 38 ते 40 मिलीमीटर रुंद असतो. आमच्या सायकलच्या टायरवर 28 गुणिले दीड लिहिलेलं असतं, आणि दीड इंच म्हणजे 38 मिलीमीटर. (24 हा फ्रेमचा आकडा, चाक 28 चं, हेही दर वेळी सांगावं लागतं.) ही सायकल डांबरी रस्त्यासाठी नव्हतीच कधी. दुधाच्या किटल्या लावून, पाठीमागं वैरणीचा भारा बांधून ती पाणंदीतनंच चालत आलीय. मुरमावर, खडीवर, बैलगाडीच्या चाकोरीत ती बिनबोभाट चालते, नव्या सायकलवाल्यांना ते आत्ता सापडलंय.

आणि अशा सायकली घेऊन जाणारे आम्ही आठजण इटलीची कॉपीही करत नाही. तिकडं टस्कनीत 1997 पासून लेरोइका नावाची राईड होते, 1987 च्या आधीच्या रेसिंग सायकली घेऊन पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर लोक जातात, मला ते फार आवडतं, पण त्यांच्या सायकलींना गिअर असतात. आमच्याला एकच. पुढं 44 दाते, मागं 18, पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते, चढ असो नाहीतर सपाटी. पूर्वी मी लोकांना सांगायचो की टूर द फ्रान्समध्येसुद्धा 1937 पर्यंत डिरेल्युअर, म्हणजे चालता चालता चेन सरकवून गिअर बदलणारं यंत्र, वापरायला परवानगी नव्हती आणि ते लोक आल्प्स चढायचे. आता नाही सांगत. ते व्यावसायिक होते, आमच्यात एक मास्तर आहेत, एक फाउंड्रीत मोल्डिंगला असलेला पोरगा आहे आणि बँकेतनं रिटायर झालेले तात्या आहेत.

आता खरं कारण. गिअर नसले की चढाला सगळे उतरतात. 26 वर्षांचा फाउंड्रीतला पोरगा उतरतो आणि 63 वर्षांचे तात्याही उतरतात, दोघांच्यात फार तर पन्नास पावलांचा फरक. मग सायकल हातात धरून आठजण रस्ताभर चालतात आणि बोलतात. मी दोन वर्षं गिअरवाल्या ग्रुपबरोबर पण गेलो होतो, हे तुम्हाला माहीत नसेल. चांगली माणसं. पण पन्हाळ्याच्या चढाला पहिला माणूस वर पोचून चहा पिऊन बसलेला असायचा आणि शेवटचा वाघबीळजवळ एकटा घाम पुसत असायचा, आणि तो शेवटचा बऱ्याचदा मीच. आमच्या जुन्या सायकलींवर असं कुणी एकटं पडत नाही. मला त्या चालण्यासाठी जायचं असतं. आयुष्यातल्या ज्या गोष्टी मी बायकोलाही नीट सांगू शकलो नाही त्या मी राधानगरीच्या वाटेवर सायकल ढकलत तात्यांना सांगितल्यात.

हे असं पूर्वी कुणाला सांगितलं नाही कारण तेव्हा माझ्याकडं एक जास्त छाती काढून सांगण्यासारखं उत्तर होतं. ते म्हणजे, "ही सायकल कुठल्याही गावात दुरुस्त होते. तुमच्या गिअरचा हँगर वाकला तर पुण्याहून मागवा." (हँगर म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा.) वीस-पंचवीस माणसांसमोर म्हटलंय मी हे. आणि माझा त्यावर विश्वास होता.

गेल्या एप्रिलात आम्ही निघालो. कोल्हापूर, राधानगरी, गारगोटी, आजरा आणि उत्तूर-कापशीवरनं परत, चार दिवस, जमेल तेवढं आतल्या रस्त्यानं. एप्रिलच का तर तोवर कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर नसतात, पाणंदी वाळून टणक झालेल्या असतात, आणि वळीव अजून लागलेला नसतो. नियम एकच, अकराला सावली धरायची आणि चारच्या आधी उठायचं नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या डाव्या पायडलाला आवाज यायला लागला. प्रत्येक फेऱ्याला ठक्. संध्याकाळी राधानगरीत तात्या म्हणाले, "डावा कॉटर ढिला झालाय, बघ तो." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉटर म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आणि एक्सल यांना एकत्र धरून ठेवणारी करंगळीएवढी पाचर असते, एका अंगानं चपटी. ती आधी हातोड्यानं ठोकून बसवायची आणि मग नट आवळायचा. नुसता नट आवळून ती ओढायला गेलं की आटे जातात. हे मला माहीत होतं. तरी मी एक दगड घेतला, दोन ठोके मारले, नट जीव खाऊन आवळला आणि म्हटलं, झालं काम. जादा कॉटर मी घेतला नव्हता. कुठल्याही गावात मिळतो म्हणून घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी गारगोटीच्या बाजारात थांबून शोधता आला असता, आवाज वाढला होता, तात्यांनी परत आठवण केली होती. मी म्हटलं आजऱ्यात बघू. खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर कॉटर शोधत दुकानं फिरणं मला नको होतं.

तिसऱ्या दिवशी पावणेअकराला एका चढावर डावा पाय एकदम मोकळा पडला. क्रँक एक्सलवर नुसता फिरत होता. कॉटर बाहेर काढला तर चपटी बाजू चावून गोल झालेली आणि आटे साफ. एक गाव तीन किलोमीटर मागं होतं, फाउंड्रीतला पोरगा जाऊन आला. पाटीवर सायकलचं चित्र रंगवलेलं दुकान होतं, आत मोटरसायकलच्या ट्यूबा आणि मोबाईलची कव्हरं. दुकानदारानं बिचाऱ्यानं नटबोल्टचा डबा जमिनीवर ओतून शोधलं म्हणे, आणि म्हणाला, कॉटर कुणी मागून दहा वर्षं झाली असतील.

या सगळ्यात साडेअकरा होऊन गेले. पुढचं गाव सात किलोमीटर, तिथं देवळाजवळ झाड आणि बोअर आहे हे माहीत होतं. मी सगळ्यांना पुढं पाठवलं, म्हटलं मी ढकलत येतो, दीड तासाचं काम. तात्या उतरले. "एकटा कसा जाशील रे," म्हणाले आणि माझ्या शेजारी चालायला लागले. त्या वेळी मी तिथंच काजूच्या सावलीत बसायला पाहिजे होतं. नियम माझाच होता. पण माझ्यामुळं सगळे खोळंबलेत हे डोक्यात बसलेलं आणि मला लवकर पोचायचं होतं.

रस्त्याचं काम चाललं होतं. खडी पसरून ठेवलेली, रोलर फिरलेला नव्हता, त्यावर तांबडा मुरूम. डंपर गेला की दोन मिनिटं पुढचं काही दिसायचं नाही, दातात माती करकरायची, रुमाल लावला की श्वास कोंडायचा, काढला की खोकला. हँडलला हात लावता येत नव्हता इतकी नळी तापलेली. पाणी दोघांत मिळून दीड बाटली. तात्यांनी त्यांची बाटली माझ्याकडं दिली, म्हणाले मला तहान नाही. मी प्यालो. हे लिहायला मला फार जड जातंय पण मी प्यालो.

मग ते बोलायचे बंद झाले. मला वाटलं दमलेत. थोड्या वेळानं म्हणाले, "स्ट्राँगरूमची चावी कुणाकडं दिलीस?" मी हसलो. मला वाटलं गंमत करतायत, तात्यांना अशी सवय आहे. त्यांनी परत विचारलं, या वेळी रागानं, आणि मी वळून बघितलं तर त्यांचा शर्ट कोरडा होता. सकाळपासून घामानं पाठीला चिकटलेला शर्ट कोरडा ठणठणीत, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे, आणि चेहरा लाल. हात धरला तर तव्यासारखा. आणि मग त्यांच्या हातनं सायकल पडली. जो माणूस पाच वर्षांत कधी सायकल भिंतीला टेकवून ठेवत नाही, स्टँडवर लावून चाकाला हात लावून मग बाजूला होतो, त्याच्या हातनं सायकल धाडकन खडीवर पडली आणि त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

काजूच्या बागेत बोंडं गोळा करणाऱ्या बायका होत्या. त्या धावल्या म्हणून हे लिहितोय. एकीनं घागर आणली, एकीनं आपली ओढणी भिजवून मानेला, काखेत लावली, मला बाजूला सारून म्हणाली, "पाजू नका वो, शुद्धीत नाहीत नीट, अंगावर वता आधी." काजूच्या पोत्यांचा टेम्पो थांबवला त्यांनीच. आजऱ्याला दवाखान्यात सलाईन लावलं, दोन दिवस राहावं लागलं. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "दुपारी साडेबाराला हे चालत का होते?" तुम्ही सगळे विचारता तोच तो प्रश्न, आणि मला एक शब्द सुचला नाही.

संध्याकाळी तात्यांची पोरगी आली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. बाहेर बाकड्यावर शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, मी तुमच्यावर राग धरत नाही. पण गिअरची सायकल असती तर बाबा चालले असते काय?"

मी तेव्हा म्हटलं, नवीन सायकलसुद्धा मोडते. खरं आहे ते, खडीवर हँगर वाकतो, चेन तुटते, आणि त्याचे पार्टही त्या दुकानात मिळाले नसते. पण तिनं ते विचारलं नव्हतं. गिअरची सायकल असती तर तात्या बाकीच्यांबरोबर पुढं गेले असते आणि मी एकटा मागं राहिलो असतो. ते उतरले कारण आम्ही उतरायला शिकलोय, पाच वर्षं तेच केलंय, आणि मी ज्याच्यासाठी ही सायकल सोडत नाही म्हणून वर लिहिलंय ते हेच. मग पोरीला काय सांगू? सायकलचा दोष नाही, कॉटर बदलला नाही तो माझा दोष, पाणी प्यालो तो माझा दोष, हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली बरं. पण तिचा प्रश्न तसाच आहे हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

तेव्हापासून मी "कुठल्याही गावात दुरुस्त होते" हे वाक्य बोललो नाही. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून 16 कॉटर करून घेतलेत, प्रत्येकाच्या पिशवीत दोन. राईड डिसेंबरात घ्यावी असं मी म्हणतो, मास्तर म्हणतात डिसेंबरात त्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या असतात, ते जास्त धोक्याचं, आणि त्यांचंही खोटं नाही. गिअरची सायकल दोनदा दुकानात जाऊन बघून आलो. चालवून पण बघितली. हलकी आहे, चांगली आहे, चढाला उतरावं लागत नाही.

तात्यांची सायकल आता माझ्या सोप्यात असते. पोरीनंच आणून लावली, "तुमच्याकडंच राहू दे" म्हणाली. सायकलच्या मागच्या चाकाची वॉलट्यूब (व्हॉल्व्हवरची रबरी नळी) जरा गळते, म्हणून मी दर शनिवारी हवा मारतो. रविवारी सकाळी तात्या चालत येतात, अंगठ्यानं मागचा टायर दाबून बघतात, चहा घेतात आणि जाताना तारीख विचारतात. मी म्हणतो, आधी पोरीला विचारा. ते म्हणतात, तू विचार.