त्र्याहत्तरवर अडलेला काटा

दीड वर्षापूर्वी, दिवाळी झाल्यावर, मी वजन उतरवायला घेतलं तेव्हा ८१ किलो होते. उंची पाच फूट दोन इंच, वय अठ्ठेचाळीस, रक्तदाबाची गोळी सुरू आणि जिना चढताना डावा गुडघा दुखायचा. आषाढ लागेपर्यंत ७३ वर आले. मग काटा अडला. जेवण तेच, सकाळचं फिरणं तेच, आणि आकडा कधी ७३.४ तर कधी ७२.८. अख्खा पावसाळा असाच गेला.

याच टप्प्यावर बायका सोडून देतात. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, ब्लाउज आणि चनियाचोळी शिवते. माझ्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या बायकांच्या मापांची वही आहे. त्या वहीत कितीतरी जणींची कंबर दोन इंच उतरलेली आणि पुढच्या नवरात्रीला तीन इंच वाढलेली दिसते. विचारलं की उत्तर एकच, "उतरत होतं गं, मग थांबलं, मग मीही सोडलं." थांबल्यावर नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझं कसं झालं ते सगळं लिहून ठेवते आहे.

माझं नशीब असं, की माझी भाची इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत न्यूट्रिशन शिकली. होम सायन्सला. आता ती डाएटिशियन आहे. मी तिला म्हटलं, भाकरी अर्धी करू का? ती म्हणाली, "मावशी, थांब. आधी खरंच थांबलंय का ते बघू."

तिने रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायला लावलं. रोजचा आकडा फक्त लिहायचा, त्यावर विचार करायचा नाही. आठवड्याने सरासरी काढायची आणि एका आठवड्याची सरासरी दुसऱ्याशी ताडून बघायची. असे निदान चार आठवडे. माझी पाळी आता अनियमित झाली आहे. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं आणि किलो-सव्वा किलो सहज वाढतं. आदल्या रात्री लोणचं-पापड किंवा बाहेरची सेवउसळ झाली की मिठामुळे तसंच. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन भराभर उतरतं त्यातही बरंचसं पाणीच असतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जेवण कमी केलं की तो साठा आधी घटतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या महिन्याचा वेग पुढे मिळत नाही तो यामुळेच, आणि पुष्कळ बायका त्या वेगाशीच तुलना करत बसतात.

चार आठवड्यांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या. म्हणजे खरंच थांबलं होतं. मग डॉक्टरांकडे गेले. थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, सगळं ठीक निघालं. चालू गोळ्यांची यादीही त्यांनी बघितली, कारण काही औषधांनी वजन वाढतं. माझ्या गोळीचा तसा संबंध नव्हता. ही पायरी गाळू नये, एवढंच म्हणेन.

यानंतर भाचीने मला जे समजावलं त्याने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल नावाच्या संशोधकाने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्याच्या हिशोबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. भूक मात्र प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. माझे आठ किलो उतरले होते. म्हणजे खर्च रोज १६० ते २४० ने घटला, आणि शरीर मात्र आधीपेक्षा आठशे कॅलरी जास्त मागत होतं. हे ऐकून मी काही वेळ काहीच बोलले नाही. त्या महिन्यांत रात्री साडेदहाला मला जी भूक लागायची, तिला मी मनाचा कमकुवतपणा समजत होते. ती माझ्या शरीराने केलेली मागणी होती.

खर्च का घटतो तेही सरळ आहे. ८१ किलोचं अंग उचलून चालायला जितकी ताकद लागते त्याच्या नऊ-दशांश ७३ किलोला पुरते. झोपेतसुद्धा लहान शरीराला कमी लागतं. शिवाय चरबी घटली की लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, मेंदू ते ओळखतो, आणि शरीर आणखी थोडी काटकसर करतं. तेव्हा ८१ किलोला उतरवणारं जेवण ७३ किलोला जागच्या जागी धरून ठेवू शकतं. त्यात शरीर बिघडलेलं नसतं.

मग आम्ही बसून बेरीज-वजाबाकी केली. सुरुवातीला माझी रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेलं, साधारण ५०० कॅलरींची होती. त्यातून वजन उतरल्याचे दोनशे गेले. उरले तीनशे. ते कुठे गेले?

सव्वाशे गेले माझ्या धंद्यात. आमच्याकडे जन्माष्टमी झाली की नवरात्रीचं काम अंगावर येतं. नऊ मीटर घेराचा चनिया, त्याला अस्तर, खाली लेस, चोळीवर आभल्यांचं भरत. दिवसभर मशीनवर बसणं. मंगळबाजारात लेस आणायला जाणंसुद्धा मुलगी करायची. विश्वामित्री नदीला पाणी चढलं की कमाटीबागेतलं फिरणंही बंद पडायचं. मोबाइलवर बघितलं तर एरवी आठ हजार पावलं व्हायची ती सीझनमध्ये जेमतेम तीन हजार. माझं "फिरणं तेच आहे" हे सकाळच्या अर्ध्या तासापुरतं खरं होतं. बाकीच्या दिवसातली उठबस गेली होती. आणि कमी खाणारं शरीर आपसूकही हालचाल कमी करतं, आपल्या लक्षात येत नाही.

उरलेल्यातला एक भाग तेलात सापडला. भाचीने आधी वजनकाट्यावर पोळीची कणीक, भात, डाळ मोजायला लावलं. तिने सांगितलं की १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये काही लोकांची तपासणी झाली होती. आम्ही बाराशे कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही, असं ते सांगत. मोजल्यावर दिसलं की त्यांचा मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा कॅलरी जाळण्याचा वेग, व्यवस्थित होता आणि खाणं त्यांनी सांगितल्याच्या जवळपास दुप्पट होतं. ते खोटं बोलत नव्हते. अंदाज असाच चुकतो. मला हे पटकन पटलं. नजरेने माप घेऊन चोळी शिवली तर ती अंगाला बसत नाही, इतकं तर माझ्या धंद्यातल्या नव्या मुलीलाही कळतं.

पण घरातलं तेल चमच्याने कोण मोजणार? स्वयंपाक कधी मी करते, कधी सासूबाई. म्हणून मी डब्यावरून हिशोब काढला. इथे सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, पंधरा किलोचा डबा भरायची पद्धत आहे आणि आमच्या घरी झाकणावर तारीख लिहितात. चार माणसं. एरवी डबा चार महिने जातो, म्हणजे माणशी रोज ३१ ग्रॅम. पावसाळ्यातला डबा तीन महिन्यांत संपला, म्हणजे माणशी ४२ ग्रॅमच्या जवळ. भजी, श्रावणातली साबुदाण्याची खिचडी, गौरी-गणपतीचा फराळ. बैठं काम करणाऱ्या बाईला वरून घालायच्या तेल-तुपाचं आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये दिलेलं प्रमाण रोज २० ग्रॅम आहे, पुरुषाला २५. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. वाढलेल्या दहा-अकरा ग्रॅमांचे झाले पंचाण्णव.

पाचशेतून दोनशे, सव्वाशे आणि पंचाण्णव गेले की उरतात ऐंशी. एक किलो चरबीच्या साधारण ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशोबाने ऐंशीच्या तुटीतून महिन्याला तीनशे ग्रॅमच उतरणार. तेवढं तर पाण्याच्या चढउतारात दिसतसुद्धा नाही. माझा अडलेला काटा असा पूर्ण उलगडला. कुठलंही गूढ त्यात राहिलं नाही, आणि मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

पुढे काय करायचं यावर मात्र घरात मतं होती. माझी नणंद म्हणाली, वहिनी, पंधरा दिवस नुसत्या सूपवर राहा, आपोआप सुटेल. भाचीने त्याला ठाम नकार दिला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना कसं जेवू घालावं हे कळावं म्हणून. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने उतरलं, पण हातपाय थंड पडले, कामातलं मन उडालं, दिवसभर जेवणाचेच विचार. सीझनमध्ये हातात कात्री आणि समोर गिऱ्हाइकांची गर्दी असताना मला तसं राहून चालणार नव्हतं.

तिने सांगितलं ते मला अनपेक्षित होतं. म्हणाली, "मावशी, दिवाळीपर्यंत उतरवायचंच नाही. ७३ नुसतं धर." ऐंशीची तूट सोडून द्यायची, दोन घास जास्त खायचे, भूक शांत होऊ द्यायची. दसऱ्याला फाफडा-जलेबी खायची, शरदाच्या पौर्णिमेला दूध-पोहेही, आणि रोज वजन लिहायचं. आठ किलो उतरवून सण-सीझनमध्ये ते टिकवणं हे काही थोडं काम नाही, असं ती म्हणाली आणि ते अगदी खरं आहे.

त्याच काळात मी बैठका सुरू केल्या. माझे आजोबा इथल्याच जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, जोर-बैठका आमच्या घराला नव्या नाहीत. पण गुडघ्यामुळे मी खुर्चीला धरून अर्ध्याच मारायचे, जोर भिंतीवर हात टेकून. एक दिवसाआड. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि तो वाचवायचा तर त्याला काम आणि प्रोटीन दोन्ही द्यावं लागतं. रोज सत्तर ग्रॅम प्रोटीनचं लक्ष्य ठरलं. शाकाहारी घरात ते सोपं नाही. मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ दोन्ही वेळा, दही, पनीर, आणि सोयाबीनच्या वड्या पीठ करून भाकरीत. सासूबाईंना वड्यांचा वास आवडत नव्हता; पीठ केल्यावर त्यांना कळलंही नाही, आणि आता त्याच आठवणीने घालतात. तेलासाठी त्यांनीच मार्ग काढला: महिन्याचं तीन किलो तेल बरणीत वेगळं काढायचं, त्यात भागवायचं. म्हणजे डबा पाच महिने. अहोंनी पहिल्या महिन्यात कुरकुर केली, मग त्यांचंही अॅसिडिटीचं औषध कमी झालं.

आणि टेप. वजन हलत नसताना मला टेपने फार धीर दिला. कंबर मोजायची ती घागऱ्याचा बंद बांधतो तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण दाबलेली नाही. सुरुवातीला माझी कंबर ९८ सेंटिमीटर होती. काटा अडला तेव्हा ९०. दिवाळीला वजन ७३ च, पण कंबर ८८ वर काही रेषा. भारतीय बायकांसाठी ८० च्या वर कंबर म्हणजे साखर आणि हृदयाचा धोका वाढलेला, असं डॉक्टर मानतात. म्हणून गिऱ्हाइकांना मी हल्ली कंबरेची दोन मापं घेते, एक चनियाचं आणि एक हे, आणि दुसरं त्यांना चिठ्ठीवर लिहून देते.

दिवाळीनंतर पावलं पुन्हा आठ हजारांवर गेली, तेल माणशी रोज २५ ग्रॅमवर आलं होतं, आणि कार्तिकात वजन आपसूक हललं. वेग आधीपेक्षा कमी, महिन्याला किलोच्या आत-बाहेर. होळीला ६९ झालं. कंबर ८४. गुडघा जिन्यावर दुखत नाही, आणि डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीचा डोस निम्मा केला.

आता पुन्हा सरासरी मंदावली आहे. भाचीशी बोलणं झालं. उन्हाळाभर ६९ धरायचं, आंब्याच्या रसाची वाटी मोजून घ्यायची, आणि जन्माष्टमीच्या आधी, ऑर्डरी यायला लागायच्या आत, दोन महिने परत उतरवायला घ्यायचं.