नवऱ्याच्या पणजीचा लग्नाचा दाखला मागितला, तर नोंदणी कार्यालयाने मलाच विचारलं, चर्च कोणतं? ते कळावं म्हणूनच तर विचारतेय!

लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. माझ्याकडचे सात पिढ्यांचे पुरुष त्र्यंबकच्या गुरुजींच्या चोपडीतून आयते मिळाले. ते उतरवून घेत तिने विचारलं, "आई, बायका कुठायत?" बाबाच्या बाजूने तरी एक शोधू, म्हणून मी नवऱ्याची पणजी धरली. इंग्लंडमधल्या लँकाशायरच्या कापड गिरणीत होती, नाव एलिझाबेथ. सासूबाईंना एवढंच ठाऊक. आडनाव त्या भागात आपल्याकडच्या पाटलांइतकं सर्रास!

जनगणनेत ती पटकन सापडली. 1881 साली अकरा वर्षांची, आणि धंद्यापुढे 'हाफ टाइमर', म्हणजे अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा.

घोडं अडलं लग्नाच्या दाखल्यापाशी. फ्रीबीएमडी या जन्म, लग्न, मृत्यूंच्या नोंदींच्या संकेतस्थळावरच्या फुकट यादीत 1891 ची नोंद मिळाली. (1912 च्या आधी यादीत जोडीदाराचं आडनाव नसतं. दोघांना वेगवेगळं शोधायचं आणि तिमाही, खंड, पान जुळतंय का बघायचं.) तिथलं स्थानिक नोंदणी कार्यालय घरापासून बसने वीस मिनिटांवर, म्हणून मी शहाणीने अर्ज तिथेच केला. खंड, पान, सगळं सुवाच्य अक्षरात. तीन आठवडे शुकशुकाट. मग उत्तर आलं: हा क्रमांक आमच्याकडे चालत नाही, लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं ते कळवा.

अहो, चर्चचं नाव दाखल्यावर असतं, म्हणून तर दाखला हवाय! फोन केला. "सॉरी लव्ह, आमची रजिस्टरं चर्चवार लावलेली आहेत." इतक्या गोड आवाजात नन्नाचा पाढा मी तलाठ्याकडेही ऐकला नव्हता. अर्जावर संदर्भ क्रमांकाचा रकाना मग कशाला ठेवलाय, हे विचारलं. त्यावर पुन्हा सॉरी लव्ह.

गंमत अशी की तो खंड-पान क्रमांक मध्यवर्ती जनरल रजिस्टर ऑफिसच्या यादीचा असतो. तिथे ऑनलाइन मागितला असता तर चर्चचा प्रश्नच आला नसता. हे मला कळलं तोवर मी हट्टाला पेटले होते. लँकाशायरच्या पॅरिश रजिस्टरांची, म्हणजे चर्चच्या नोंदवह्यांची, नक्कल स्वयंसेवकांनी 'लँकाशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स'वर फुकट ठेवली आहे. दोन रात्री जागून तिथे चर्च शोधलं आणि त्याच कार्यालयाला कळवलं. आठवड्यात पाकीट दारात. मी ते उघडायच्या आधी चहा टाकला, सावकाश.

सहीच्या जागी वाकडी फुली, शेजारी पाद्र्याच्या अक्षरात 'एलिझाबेथची खूण'. बापाचं नाव आणि धंदा होता. आईचं नाव नाही, कारण रकानाच नाही; इंग्लंडमध्ये तो मे 2021 मध्ये आला. आईचं माहेरचं आडनाव हवं असेल तर जनरल रजिस्टर ऑफिसची जन्मांची यादी बघा. फ्रीबीएमडीवरच्या जुन्या यादीत ते 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं, जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन यादीत पार 1837 पासून.

आणि हो, 1911 ची जनगणना सोडू नका. तो कागद घरच्यांनीच भरलेला असतो. आमच्याकडे पणजोबांच्या अक्षरात तिच्या नावापुढे लिहिलंय: जन्मलेली मुलं 9, हयात 5, गेलेली 4. सासूबाईंनी पाचच नावं ऐकली होती. घरचं आडनाव आणि एलिझाबेथचं माहेरचं आडनाव जोडून ती गेलेली चार मुलं जन्मांच्या यादीत शोधतेय. आतापर्यंत दोन सापडली.