चीक लागलेल्या बोटाने दिलेली संमती

गेल्या चैत्रात देवगडजवळच्या आमच्या वाडीत काकांनी हापूसच्या पेट्या विकण्यासाठी मोबाइलवर एक ॲप घेतले. आंब्याचा भाव दाखवण्याआधीच त्याने फोनमधले सगळे नंबर, फोटो आणि ठिकाण पाहण्याची परवानगी मागितली, आणि पडवीत पेंढा घालून पेटी भरता भरता, चीक लागलेल्याच बोटाने, काकांनी तिन्ही वेळा होकार दिला. आठवडाभरात कर्ज देऊ करणारे फोन सुरू झाले. ते त्या ॲपमुळेच आले असे मी सिद्ध करू शकत नाही. पण काकांचा विश्वास उडाला तो उडालाच, आता ते बँकेचा खरा फोनही उचलत नाहीत.

मला हे नुकसान अधिक मोठे वाटते. ज्या माणसाने दलालाला बागेचा खरा अंदाज कधी कळू दिला नाही, त्याला सावधपणा शिकवण्याची गरज नाही. त्याला समजेल अशा भाषेत कोणी विचारलेच नव्हते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्यास सांगितले आहे, आणि संमती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे, असेही त्यात आहे.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांच्या शेजारी बसून मी सेटिंगमधली एकेक परवानगी काढली, आणि प्रत्येक वेळी ते विचारत राहिले, “आंबे विकायला ह्याला हे कशाला हवे होते?”