टोपीवरची पिसं

एका खासगी संग्रहातली, १९१०च्या आसपासची बायकांची टोपी माझ्याकडे साफसफाईला आली. काळी मखमल, बाजूला पांढऱ्या पिसांचा तुरा. सोबत जुनं कार्ड : 'बगळ्याची गळालेली पिसं.'

अशा पिसांना मास्क आणि हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. कसर लागू नये म्हणून तेव्हा पक्ष्यांच्या कातड्यांना आर्सेनिक चोळत. व्हॅक्यूमच्या नळीला जाळी बांधायची, ओढ अगदी कमी ठेवायची आणि मऊ ब्रशनं धूळ तिकडे सारायची. साध्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, विसकटले तर बोटानं पुन्हा बसतात. बगळ्याच्या विणीच्या पिसांना हे आकडे नसतात, म्हणूनच ती इतकी मोकळी, झुळझुळीत दिसतात. त्यातला एक तंतू तुटला की गेलाच. इथे घाई करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

बुडाशी गुंडाळलेला रेशमी दोरा सैल झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पिसांची मुळं एका वाळक्या पापुद्र्यात रोवलेली. कातडी! गळालेलं पीस सुटं असतं, शेंड्याला झिजलेलं असतं. ही पाठीवरची पट्टीच सोललेली होती.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये बगळे पकडून कोंडून पाळत आणि जिवंतपणीच पिसं उपटत. तो माल असता तर कातडी आली नसती. म्हणजे हा पक्षी मारलेला. तोही विणीच्या हंगामात, कारण ही पिसं येतात तेव्हाच. शिकारी सारंगागारातच, म्हणजे बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीतच, त्यांना गाठत. मागे पिल्लं उपाशी मरत. एका औंसाला साधारण चार पक्षी लागत आणि १९०२ साली लंडनच्या लिलावांत सुमारे ४८ हजार औंस पिसं आली. भारतातून निर्यातबंदी झाली तीही १९०२ मध्येच, पण माल चोरून जातच राहिला. ब्रिटननं आयात रोखणारा कायदा केला थेट १९२१ मध्ये. 'गळालेली पिसं' ही व्यापाऱ्यांची तेव्हाची ठरलेली सबब. ती आजही कार्डावर तशीच राहावी, याचा मला संताप येतो.

हा बगळा कुठला, हे नुसती पिसं पाहून सांगता येत नाही. तीच जात अर्ध्या जगात आहे. ते मनातून जात नाही.

मालकीणबाईंना पणजीच्या टोपीवर 'मारलेला' हा शब्द नको आहे. कार्ड त्यांचं आहे. अहवालात मात्र मी 'कातडीसकट सोललेली' असंच लिहिलंय, मुळांचे फोटो जोडलेत, आणि ती ओळ काढणार नाही असं त्यांना फोनवर सांगितलंय.