ओट्याची उंची

चहा गाळून समोर ठेवला आणि स्क्रीनवर प्रश्न उगवला, ‘ओट्याची उंची?’ खाली तीन गोल. ८२०, ८४०, ८७०. सगळं मिलिमीटरमध्ये. एक गोल टिचकवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

तोवर माझं अगदी झोकात चाललं होतं. ट्रॉल्यांचे चॅनेल गंजले, सिंकखालचं प्लायवूड भिजून पापडासारखं फुगलं, तेव्हाच मी घरात जाहीर केलं होतं की या वेळी सुतार नाही, डेकोरेटर नाही. नवं स्वयंपाकघर मी स्वतः आखणार आणि ऑनलाइन मागवणार. नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता ‘बरं’ म्हटलं. हे ‘बरं’ मी तीस वर्षं ऐकतेय, त्यामुळे त्यावर काही बोलले नाही.

आधी मापं घेतली. भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, असं साइटवर सांगितलं होतं. मला वाटलं, उगीच. मोजली तर २७४०, २७३६ आणि २७५१. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या भिंतीला टेकून दूध उतू जाण्याची वाट बघत होते, ती सरळच नव्हती. आमचे जुने सुतारकाका काही कामाला आले होते, त्यांना सांगितलं तर हसले. ‘ताई, गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात असलेली भिंत मी अजून बघितली नाही. पाच सूत फरक म्हणजे काहीच नाही.’ आठ सुतांचा एक इंच. त्यांचं सूत आणि माझे मिलिमीटर यांचा हिशेब जुळवता जुळवता काका चहा पिऊन निघूनही गेले. जाताना फुगलेल्या प्लायला नखाने टोकरून म्हणाले, ‘सिंकखाली ७१० नंबरचं, पाण्याला टिकणारं प्लायच घ्या, बाकी काही का घेईनात.’ त्यांना काम दिलं नव्हतं, तरी सांगितलं.

साइटवरच्या त्या नकाशाचं मला जवळजवळ व्यसन लागलं. रात्री सगळे झोपले की मी फ्रिज हलवायची. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. खराखुरा फ्रिज हलवायचा तर दोन माणसं लागतात आणि एकाची तरी कंबर धरते. इथे बोटाने सरकतो. एका रात्री तो दारातच ठेवून झोपले. सकाळी मुलाला बंगळूरला लिंक पाठवली तर त्याचा फोन, ‘आई, आपण आत कुठून जायचं?’

पर्याय म्हणाल तर भरपूर. डिशवॉशर आहे, वाइनच्या बाटल्यांची खोपटी आहेत, ओट्यावर ठेवायला हिरव्या सफरचंदांचा वाडगाही आहे. सिलिंडरला मात्र जागा नाही. पोळपाटाला नाही. आणि देव्हारा तर शोधूनही सापडला नाही. आमचे देव स्वयंपाकघरातच, पूर्वेच्या भिंतीला. शेवटी देव्हाऱ्याच्या मापाचा मायक्रोवेव्ह घेऊन तिथे ठेवला. लगेच खाली सूचना आली की या जागी १६ अँपिअरचा पॉइंट लागेल. बाळकृष्णाला १६ अँपिअर! मी ‘ठीक आहे’ दाबलं.

मग परातीचं लक्षात आलं. दिवाळीत चकलीची भाजणी जिच्यात मळते ती बावीस इंची. ६०० ची ट्रॉली म्हणजे आत ६०० नसतात. दोन्हीकडच्या फळ्या आणि चॅनेल वजा जाता पाचशे दहा-वीस उरतात. परात साडेपाचशेच्या वर. वर्षातून चारदा लागणाऱ्या परातीसाठी मी अख्खी मांडणी तीनदा मोडली. नवरा म्हणाला, माळ्यावर ठेव की. माळ्यावर काय ठेवायचं ते माझं मी ठरवीन.

या नादात एका रात्री वाचत वाचत कुठच्या कुठे गेले. तर फ्रँकफर्टला १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी नव्या वसाहतींतल्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४. डोळ्यांपुढे आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर. बाईची एकही चक्कर फुकट जाऊ नये म्हणून पावलं मोजून बेतलेलं. तांदूळ, साखर असं नाव घातलेले अॅल्युमिनियमचे खण. रंग निळसर, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत अशी तेव्हाची समजूत. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसवली गेली, आणि आजच्या आपल्या मॉड्युलर किचनची ही पणजी. बाईंनी पुढे स्वतःच सांगितलंय की हे आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलाच नव्हता. त्या नाव घातलेल्या खणांवरून मला शंका आलीच होती. आमच्या घरात ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात कायम मेतकूट असायचं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक असायचं.

असो. तर ओट्याची उंची.

साताऱ्याच्या आमच्या घरात ओटा नव्हता. आजी आणि आई पाटावर बसून स्वयंपाक करायच्या. मग गॅस आला. सिलिंडरपेक्षा शेगडी वर हवी म्हणून गॅसपाठोपाठ ओटा आला. गवंडी आला, कडप्पा दारात उतरला. आजी उंबऱ्याशी बसून सांगत होती, उभ्याने केलेलं अन्न अंगी लागत नाही. गवंड्याने तिकडे लक्ष दिलं नाही. आईला म्हणाला, ‘वहिनी, इथं भिंतीपाशी उभ्या राहा. आता हात असा दुमडा, पोळी लाटताना धरता तसा.’ आई संकोचून उभी. हातात लाटणं नाही, पण बोटं लाटणं धरल्यासारखी. त्याने कानावरची पेन्सिल काढली, कोपराखाली आडवी चार बोटं धरली आणि भिंतीवर रेघ मारली. टेप वगैरे काही नाही. काकू आईपेक्षा वीतभर उंच. ती सुट्टीला आली की दोन दिवसांत तिची पाठ धरायची आणि म्हणायची, ‘हा काय बाई, बाहुलीचा ओटा.’ आई नुसती हसायची. त्या घरात आईच्या मापाचं असं तेवढंच होतं. साड्यासुद्धा आजी आणायची.

मीही भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. हात दुमडला. तेव्हा कळलं की आपल्या कोपराची खूण आपल्याला करता येत नाही. दुसरा हात उचलला की हा कोपर हलतो. नवऱ्याला हाक मारली. तो पेन आणि चष्मा घेऊन आला, वाकला आणि म्हणाला, ‘चप्पल घालून की काढून?’ घरात मी सपाता घालते. त्यांचा एक इंच धरायचा की नाही, यावर आमचं पंधरा मिनिटं वाजलं. चहावर साय धरली.

शेवटच्या वर्षांत साताऱ्याला जायचे तेव्हा आई पोळ्या करताना ओट्यापुढे पाट ठेवायची आणि त्यावर उभी राहायची. जेवणाचाच पाट, उलटा न करता. मी मागे बसून तिच्याशी गप्पा मारायचे. घसरशील गं, असंही म्हणायचे. पण तो ओटा तिच्याच कोपराला लावून बांधलेला होता, मग पाट कशाला लागतोय, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. ते मनात आलं त्या दुपारी, ८२० आणि ८४०च्या मध्ये.

८४० केलं. सपाता धरून.

चोवीस खोकी आली. बसवायला आलेल्या मुलांनी दोन दिवसांत सगळं उभं केलं. पाय फिरवून कपाटं लेव्हलला आणली. मग लक्षात आलं की फ्रिज आणि भिंत यांच्यात फट राहिलीय. पुढे दोन इंच, मागे तीन. भिंतीचा तिरकेपणा मी तीनदा मोजला, लिहून ठेवला आणि नकाशात भरायला विसरले. त्यांतला एक मुलगा म्हणाला, पट्टी मागवून घ्या मॅडम, फिलर, बंद करून टाकू. नवरा काही बोलला नाही, पण त्याचं ते न बोलणं ‘बरं’सारखंच होतं.

पट्टी अजून मागवलेली नाही. त्या फटीत पाट उभा बसतो. साताऱ्याचाच. काढताना पाटाची खालची पट्टी फ्रिजला घासते, पण बसतो. झुरळांचं तेवढं बघायला पाहिजे.