तेजस घ्यावा का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

टेलिकॉमच्या ट्रान्समिशन विभागात, म्हणजे फायबरवरून सिग्नल पोचवण्याच्या कामात, सगळी नोकरी झाल्यामुळे हा प्रश्न मला चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, व्हॉट्सॲपवर, कुठेही. ‘तुमच्या लाइनमधली कंपनी आहे, तेजस नेटवर्क्सचा शेअर घ्यावा का हो?’ समोर सिएना, नोकिया, सिस्को, ह्वावेसारखे धटिंगण असताना फायबरवरून प्रकाशाने डेटा पाठवणारी उपकरणं बनवणाऱ्या बंगळुरूच्या या लहान ऑप्टिकल कंपनीचा काय निभाव लागणार, ही त्यामागची खरी शंका.

विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मी मशीनबद्दल बोलेन. कोणाचं कार्ड किती गिगाबिटचं, कोणाचा सिग्नल किती किलोमीटर जातो. पण मशीनच्या जोरावर भाव ठरत असता, तर इन्फिनेराच्या भागधारकांचं सोनं झालं असतं. 2000 साली कॅलिफोर्नियात निघालेली ही कंपनी. लेझर, मॉड्युलेटर, डिटेक्टर असे ढीगभर भाग ती इंडियम फॉस्फाइडच्या एका चिपवर बसवायची आणि ती चिप स्वतःच्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, बनवायची. आमच्या क्षेत्रात त्या कामाला मान होता, अजूनही आहे. जून 2007 मध्ये तिचा शेअर 13 डॉलरला बाजारात आला. जून 2024 मध्ये नोकियाने कंपनी विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा देऊ केलेला भाव होता 6 डॉलर 65 सेंट, आणि तोही आदल्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा चांगलाच चढा! 2023 मध्ये 160 कोटी डॉलरची विक्री करूनही कंपनी तोट्यात होती. ऑर्डर आल्या नाहीत म्हणून फॅबचा खर्च थांबत नाही, आणि एक चिप बाजारात जाते न जाते तोच पुढच्या पिढीच्या चिपवर पैसा ओतायला लागतो.

तो पैसा किती, याचा अंदाज द्यायचा तर सिएनाचा द्यावा लागेल. दिवाळखोर नॉर्टेलचा ऑप्टिकल विभाग 2010 मध्ये विकत घेऊन ही कंपनी मोठी झाली. तिचा संशोधनावरचा 2023 चा खर्च 75 कोटी डॉलरच्या आसपास होता. तेजसची 2022-23 ची सगळी विक्री 922 कोटी रुपये, म्हणजे जेमतेम 11 कोटी डॉलर. या शर्यतीत तेजसने उतरूच नये, असं माझं मत आहे. तेजसचा माल जिथे जातो त्या मेट्रो (शहराच्या आतल्या) आणि ॲक्सेसच्या (गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या) नेटवर्कला जगातली सर्वांत वेगवान चिप लागतही नाही.

मला धास्ती वाटते ती स्पर्धकांची नाही, गिऱ्हाइकाची.

गुरुराज देशपांडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हुबळीकडचे, अमेरिकेत त्यांनी सिकामोर नेटवर्क्स काढली. ऑक्टोबर 1999 मध्ये 38 डॉलरला निघालेला तिचा शेअर पहिल्याच दिवशी 185 डॉलरच्या घरात गेला. त्या वेळी कंपनीची जवळजवळ सगळी विक्री विल्यम्स कम्युनिकेशन्स या एकाच ऑपरेटरला होती. विल्यम्स 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली. सिकामोरकडे रोकड भरपूर असल्याने ती तगून राहिली, पण 2013 मध्ये भागधारकांनीच ती गुंडाळायला मंजुरी दिली. एकाच कारखान्याचे डबे पुरवणाऱ्या खानावळीसारखं हे असतं. स्वयंपाक उत्तम असला तरी कारखान्यात टाळेबंदी झाली की चूल विझते. याच देशपांड्यांचा तेजसच्या उभारणीत मोठा हात होता.

आता तेजसचे आकडे बघा. 2021 मध्ये टाटांनी 1,850 कोटी घालायचं ठरवून कंपनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट 2023 मध्ये बीएसएनएलच्या 4जीसाठी टीसीएसकडून 7,492 कोटींची ऑर्डर मिळाली. तीसुद्धा मोबाइल टॉवरवरच्या रेडिओ उपकरणांची, ऑप्टिकलची नव्हे! (तरी लोक माझ्यापाशी तेजसला ‘फायबरवाली’च म्हणतात.) जून 2024 मध्ये शेअर चौदाशेच्या वर होता. 2024-25 ची विक्री 8,923 कोटी आणि नफा 447 कोटी झाला. ऑर्डरचा माल पोचत आला, नवी तेवढी मोठी ऑर्डर आली नाही, आणि एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत विक्री आली 202 कोटींवर, तोटा 194 कोटी. या पडझडीत सिएनाचा किंवा नोकियाचा काडीचा संबंध नव्हता.

सरकारी गिऱ्हाईक बुडत नाही, हे खरं. पण ते पैसे त्याच्या सवडीने देतं. म्हणून नफ्याच्या आकड्याआधी मी ताळेबंदातली येणी आणि पडून असलेला माल बघतो. विक्री वाढली आणि येणी त्याहून जोरात वाढली, तर तो नफा अजून कागदावरच आहे, आणि मधल्या काळाचं व्याज कंपनी भरतेय.

जमेच्या बाजू आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. जून 2021 पासून आपल्याकडे ऑपरेटरला ‘विश्वासू’ ठरवलेल्या पुरवठादाराकडूनच नवी उपकरणं घेता येतात, त्यामुळे चिनी कंपन्यांची दारं बरीचशी मिटली. सरकारी टेंडरमध्ये देशी मालाला झुकतं माप मिळतं. शिवाय आमच्या धंद्याचा एक चिवटपणा आहे: एकदा एखाद्याची चासी (कार्डं बसवायचा सांगाडा) रॅकमध्ये बसली, त्याचं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर पोरांच्या हातात बसलं, स्पेअर कार्डं स्टोअरमध्ये आली, की दहा वर्षं त्याला कोणी सहसा हलवत नाही. ट्रॅफिक वाढलं की कार्डं वाढतात, आणि मार्जिन या कार्डांतच असतं. मात्र खाजगी ऑपरेटर भाव दाबून ठेवायला दोन पुरवठादार ठेवतो, आणि लहान कंपनी बहुतेक वेळा दुसरी असते. पहिल्याने किती सोडलं त्यावर तिचा वाटा.

तेव्हा माझं उत्तर असं. ज्या तिमाहीत बीएसएनएल वगळून उरलेली विक्री, म्हणजे खाजगी ऑपरेटर आणि परदेश धरून, दर वेळी थोडी थोडी चढताना दिसेल आणि येणी उतरताना दिसतील, तेव्हापासून मी तिचा विचार करीन, त्याआधी पाच आकडी कोटींच्या ऑर्डरची बातमी आली तरी नाही. बातमीच्या दिवशी भाव आधीच चढलेला असतो. आणि हे पैसे मुलीच्या फीचे असतील, तर मला विचारूच नका, बँकेत ठेवा.