बांध कोरणारा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. स्लाइड-शो संपला की कुणीतरी विचारतंच, "ग्रीक चर्चमधली ती नरकाची चित्रं एवढी का दाखवता? आपल्याकडे यमयातना कमी आहेत का?" पूर्वी मी हसून म्हणायचो, कलेच्या दृष्टीने. थाप होती ती.

कलेच्या दृष्टीने बघायचं तर इस्तंबूलचं खोरा चर्च आहे, आता मशीद झालेलं. 1315 ते 1321च्या दरम्यान बायझंटाइन सम्राटाचा मंत्री थिओडोर मेटोखिटीसने रंगवून घेतलेलं. छतावर देवदूत अख्खं आकाश गुंडाळून नेतोय, शंखाच्या वेटोळ्यासारखं. न्यायाला बसलेला ख्रिस्त, दोन्ही बाजूंना माणसांसाठी रदबदली करणारे मारिया आणि योहान, खाली आगीचा लोट. बघून बघून मान अवघडते. मनाला मात्र काही लागत नाही, निदान मला नाही.

ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या खेड्यांतली चर्चं वेगळी. व्हेनिसच्या राज्यात, तेराव्या ते पंधराव्या शतकात रंगवलेली, कितीतरी आपल्या गोठ्याएवढीच. इथे पापी माणसं घोळक्याने नाहीत, एकेक सुटी आहेत. उघडीनागडी, साप लागलेली, आणि शेजारी गुन्हा लिहिलेला. दळणातलं पीठ चोरणाऱ्या गिरणीवाल्याच्या गळ्यात जात्याची तळी. खोट्या मापाच्या दुकानदाराजवळ तराजू. सेलिनो भागातल्या एका चर्चची किल्ली गावातल्या कॉफीच्या दुकानातून मागून आणली, टॉर्च मारला, तर कोपऱ्यात नांगर घेतलेला माणूस. शेजारचा शब्द अडखळत वाचला: पाराव्लाकिस्तिस. अव्लाकी म्हणजे नांगराचं तास. शेजाऱ्याच्या रानात तास घालणारा.

म्हणजे बांध कोरणारा. म्हणजे आमचे आप्पा.

मी चौदा वर्षांचा होतो. मृगाच्या आधी आप्पांनी पहार आणायला सांगितली. आमच्या आणि काकूच्या रानामधला हद्दीचा दगड आम्ही दोघांनी उपटला आणि दोन हात पलीकडे रोवला. बुडाला ओली माती दाबली, वर वाळकी पसरली. ती पसरायची अक्कल माझी. काका जाऊन दोन वर्षं झाली होती, काकूच्या पदरात दोन मुली. संध्याकाळी ती आली. आप्पांकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "बाळा, दगड हितंच हुता का रं?"

"हितंच हुता," म्हणालो.

तिने दगडावर हात ठेवला, थोडा हलवून पाहिला. हलला तो. काही न बोलता पदर खोचून निघून गेली. पुढची सोळा वर्षं ती मला बघून हसायची, दिवाळीला चिवडा पाठवायची, आणि मी तो खायचो.

त्या चर्चमध्ये मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. किल्ली द्यायला उशीर झाला म्हणून म्हातारी दुकानदारीण करवादली, एवढं आठवतं.

तिशीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो, ही चित्रं म्हणजे गरिबाला भीती घालायची पाद्र्यांची युक्ती. आता त्या तिशीतल्या शहाण्याला विचारावंसं वाटतं, अरे, जात्याच्या तळीची भीती कुणाला? दळण घेऊन येणाऱ्या बाईला, की गिरणीवाल्याला? कुणाचं तरी गाऱ्हाणं आहे ते, भिंतीवर चढलेलं. अशा चर्चांना गावकऱ्यांनी वर्गणी काढलेली असायची, कित्येक ठिकाणी देणाऱ्यांची नावंही लिहिलेली आहेत. त्यांत एखादा बांध कोरणाराही असेलच की.

पण तो शहाणा अगदीच चुकत नव्हता. अशा भिंतींवर नांगरवाल्याच्या शेजारी तान्ह्या पोरांना दूध न देणारी बाई असते, स्तनांना साप डसलेली. तिला दूध आलंच नसेल तर? ते कोण विचारणार? काकूसाठी मला नांगरवाल्याच्या अंगावरचे साप हवे असतील, तर या बाईच्या अंगावरचेही पदरात घ्यावे लागतात. मला ते जमत नाही. तरी फोटो मात्र दर वेळी नांगरवाल्याचाच दाखवतो.

आप्पा नाहीत, काकूही नाही. रान माझ्या नावावर आहे आणि दगड तिथंच आहे. मोजणीचा अर्ज भरून कपाटात ठेवलाय, त्याला दुसरा पावसाळा लागला. काकूच्या मुलींना अजून काही बोललेलो नाही.